वेशीबाहेरचे आणि वेशीआतले

(सातारा-सांगलीतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

मार्च २०२० च्या अखेरीस सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील अनेक गावांच्या वेशीवर काटेरी फांद्या, दगडधोंडे आणि लाकडाचे ओंडके आडवे पडले. टाळेबंदी जाहीर झाली होती आणि गावांनी आपापले रस्ते बंद केले होते. हे अडथळे कोणा परमुलखातल्या माणसासाठी उभारलेले नव्हते. पाटण, जावळी, खटाव, माण, शिराळा या तालुक्यांतून मुंबईला गेलेली माणसे परत येऊ लागली होती. ज्यांची नावे गावच्या सातबाऱ्यावर आहेत, ज्यांनी पाठवलेल्या पैशांतून गावातल्या देवळांचे जीर्णोद्धार झाले आणि शाळेच्या खोल्या उभ्या राहिल्या, तीच ही माणसे. गणपतीला आणि यात्रेला ज्यांची वाट पाहिली जाई त्यांचा पंधरा दिवसांत ‘मुंबईकर’ झाला, आणि ‘मुंबईकर’ हा शब्द एखाद्या रोगाच्या नावासारखा उच्चारला जाऊ लागला. त्याच दिवसांत महामार्गावरून बिहार, उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशाकडे निघालेले मजूर डोक्यावर बोचकी घेऊन चालत होते. एकाच रस्त्यावरून दोन प्रकारचे लोक आपापल्या घराकडे निघाले होते, आणि दोघांनाही कोणी थारा द्यावयास तयार नव्हते.

स्थलांतराविषयीच्या जनमताची चर्चा करताना हा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवणे इष्ट आहे. परक्या माणसाविषयीचे मत रक्तावरून, भाषेवरून किंवा चेहऱ्यावरून ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. या प्रसंगाने तो समज खोटा ठरविला. रक्त तेच, भाषा तीच, कुलदैवतही तेच. तरीही माणूस परका झाला. परकेपण हा माणसाच्या अंगी असलेला गुण नव्हे. भय आणि टंचाई यांच्या दाबाखाली समाज तो कोणालाही चिकटवू शकतो. तेव्हा जनमताचा विचार करताना लोक कोणाला परका म्हणतात याच्याइतकाच, केव्हा म्हणतात आणि त्यातून कोणाचे काम साधते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

हे दोन्ही जिल्हे मुळात जाणाऱ्यांचे जिल्हे आहेत. सातारा जिल्ह्यात स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक असे, आणि १९९१ च्या जनगणनेतही दर हजार पुरुषांमागे १०२९ स्त्रिया होत्या. स्त्रीजन्माचे कौतुक हे त्याचे कारण नव्हते. कर्ते पुरुष गिरणगावात, गोदीत, भाजीबाजारात आणि पलटणीत होते, म्हणून गावात बायका अधिक दिसत. २०११ मध्ये हे प्रमाण ९८८ वर आले. गिरण्या संपल्याने पुरुष परतले हे त्याचे एक कारण. दुसरे कारण गर्भलिंगनिदानाचे, आणि त्याविषयी आपल्या सभांतून अजूनही पुरेसे बोलले जात नाही. पण तो स्वतंत्र विषय आहे.

वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे लहानपणी कुटुंबासह पायी मुंबईला गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. ‘माझी मैना गावावर राहिली’ या त्यांच्या छक्कडीत गाव सोडून मुंबईला आलेल्या कामगाराची ताटातूट आणि सीमाभागाची महाराष्ट्रापासून झालेली ताटातूट या दोन वेदना एकाच दुःखात गुंफलेल्या आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील त्या रचनेची थोरवी अशी की सीमेचा प्रश्न तिने पोट भरण्यासाठी घर सोडलेल्या माणसाच्या तोंडून मांडला. पुढे सीमेविषयी बोलणाऱ्या अनेकांना हा माणूस दिसेनासा झाला.

मुंबईचा रस्ता सर्वांच्या परिचयाचा आहे. खानापूर तालुक्याचा रस्ता मात्र बाहेरच्या महाराष्ट्राला फारसा ठाऊक नाही. विटा आणि परिसरातील, तसेच आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव भागांतील हजारो कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात आहेत. जुने दागिने वितळवायचे, तेजाबाने सोने शुद्ध करायचे, सोनारांच्या दुकानांतील झाडलोटीच्या धुळीतून सोन्याचे कण वेगळे काढायचे, असे या धंद्याचे स्वरूप आहे. भट्टीची धग आणि तेजाबाचा धूर छातीत घेऊन करावयाचे हे काम. पाऊस नाही, पाणी नाही, जमीन आहे पण ती पिकत नाही. अशा मुलखातून एक भाऊ बाहेर पडला, त्याने दुसऱ्याला नेले, मग मेहुणा गेला, मग गावातला गरजू पोरगा गेला. आज देशाच्या जवळजवळ प्रत्येक राज्यातील सराफ पेठेत सांगली जिल्ह्याचा माणूस सापडतो. तमिळनाडू, केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब येथील पेठांत ही कुटुंबे तिथली भाषा बोलतात, मुले तिथल्या शाळांत घालतात, आणि लग्नसराईला व यात्रेला गावाकडे येतात.

त्या पेठांतील जनमत या माणसांविषयी काय म्हणते? कष्टाळू म्हणते, विश्वासू म्हणते, आणि चोरी उघडकीस आली की पहिला संशयही त्यांच्यावरच घेते. चोरीचे सोने वितळवले असेल या संशयावरून परराज्यांतील पोलिसांनी गलाईवाल्यांना उचलून नेल्याच्या तक्रारी विट्याच्या भागात वर्षानुवर्षे ऐकू येतात. कधी संशय खराही असेल. धंद्यात सगळेच संत नसतात. पण तक्रारीचा गाभा निराळा आहे. ज्याचा मतदारसंघ दुसऱ्या राज्यात, ज्याचे नातेवाईक हजार मैल दूर, ज्याला ठाण्यातील कागदाची लिपी वाचता येत नाही, त्याला उचलणे सोपे असते. खानापूरच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. त्याने ते भोगलेले आहे. म्हणूनच विट्याच्या चौकात परप्रांतीय मजुराविषयी जे शब्द ऐकू येतात त्यांचे आश्चर्य वाटते. तमिळ सराफाच्या पेढीवर जो ‘बाहेरचा’ आहे त्याचाच सख्खा भाऊ घरी बांधकामावरील बिहारी गवंड्याला तोच शब्द वापरतो.

आता येणाऱ्यांकडे वळू. त्यांचे प्रवाह तीन आहेत, आणि त्यांच्याविषयीचे जनमतही एकसारखे नाही.

पहिला प्रवाह ऊसतोडणी मजुरांचा. तो सर्वांत जुना, आणि राज्याच्या आतलाच. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, धाराशिव या जिल्ह्यांतून, जत-आटपाडीच्या कोरडवाहू गावांतून, आणि सीमेपलीकडील विजयपूर भागातूनही टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो आणि हंगामभर ती फेडून घेतो. कारखाना मजुराला ओळखत नाही, तो मुकादमाला आणि वाहतूकदाराला ओळखतो. कृष्णाकाठच्या उसाने जे वैभव निर्माण केले, ज्यातून सहकारी कारखाने, शिक्षणसंस्था आणि आमदार-खासदार उभे राहिले, त्या वैभवाचा पहिला घाव या कोयत्याचा असतो. पण सहकाराच्या सभासद-यादीत तो कोठेच नसतो.

या मजुरांविषयी गावात काय बोलले जाते ते न लपवता सांगितले पाहिजे. शेतकरी म्हणतो, टोळी फडात उतरण्याआधी ‘खुशाली’ मागते, आणि ती दिली नाही तर ऊस वाळत ठेवते. वाहतूकदार म्हणतो, ट्रॅक्टरसाठी कर्ज काढले, मुकादमाला लाखो रुपये उचल दिली आणि टोळी आलीच नाही. यातील कोणतीही तक्रार काल्पनिक नाही. या फसवणुकीत सांगली-सातारा-कोल्हापूरकडील कितीतरी वाहतूकदार देशोधडीला लागले आहेत. म्हणून हे लोक ‘बाहेरच्यांविरुद्ध’ मत बाळगतात, असे म्हणून त्यांना शहाणपण शिकवायला जाणाऱ्या कार्यकर्त्याचे कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

परंतु खुशाली का मागितली जाते? तोडणीचा दर ठरविणाऱ्या वाटाघाटी साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात वर्षानुवर्षे लोंबकळत राहतात. जानेवारी २०२४ मध्ये दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, तीही संपाच्या इशाऱ्यानंतर. ज्या धंद्यात हजेरीपत्रक नाही, पगारपत्रक नाही, अपघाताची भरपाई मागावयाची तर मालक कोण हेच सांगता येत नाही, त्या धंद्यात वरकड पैसा अंधारातच फिरणार. खुशाली आणि बुडवलेली उचल ही बीड जिल्ह्याच्या स्वभावाची लक्षणे नव्हेत. लेखी कराराशिवाय चालणाऱ्या धंद्याची ती लक्षणे आहेत. मधल्यामध्ये जो रोष मुकादमी पद्धतीवर आणि ती जपणाऱ्या कारखान्यांवर जावयास हवा, तो फडातल्या खोपीवर जातो. खोपीत राहणाऱ्या बाईला पाणी भरू न देणाऱ्या गावाने कारखान्याच्या वार्षिक सभेत मात्र मजुराच्या कराराचा प्रश्न कधी विचारलेला नसतो.

दुसरा प्रवाह गेल्या पंचवीस-तीस वर्षांतला. बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल, ओडिशा, राजस्थान येथील मजूर कुपवाडच्या आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत, कऱ्हाड-मिरजेच्या बांधकामांवर, महामार्गालगतच्या हॉटेलांत आणि आता द्राक्षबागांतही दिसतात. या प्रवाहाची गती समजण्यासाठी पाण्याकडे पाहावे लागते. कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना देणाऱ्या ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या योजना सुखासुखी झालेल्या नाहीत. प्रतिसरकारात लढलेले नागनाथअण्णा नायकवडी यांनी आटपाडीत पाणीपरिषदा भरविल्या, तेरा दुष्काळी तालुक्यांतील माणसे रस्त्यावर आली, तेव्हा पाण्याचा प्रश्न हलला. पाणी आले, डाळिंब आणि द्राक्ष आले. ज्या शिवारातून माणसे पोटासाठी बाहेर पडत होती त्याच शिवाराला छाटणी, विरळणी आणि डिपिंगसाठी आता मजूर कमी पडू लागले. जाणारा तालुका येणाऱ्यांचा झाला. दुष्काळ हटविण्याच्या लढ्याला आलेले हे फळ आहे. त्याला आक्रमण म्हणणे हा आपल्याच चळवळीचा इतिहास विसरणे होय.

येथेही तक्रारीत तथ्याचा अंश आहे. बागाईतदार काम उक्ते देतो. बाहेरून आलेली टोळी बागेतच राहते, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबते आणि एकरी दर ठरवून काम उरकते. गावातल्या शेतमजूर बाईला घरचे चूल-पाणी, मुले आणि सासू-सासरे सांभाळून रोजंदारीवर यावयाचे असते. ती टोळीशी स्पर्धा करू शकत नाही. तिचा रोज घसरला तर ती टोळीला शिव्या देते, बागाईतदाराला नाही. कारण बागाईतदार गावचा आहे, भावकीतला आहे, आणि त्याच्याकडून आगाऊ पैसे घेतलेले आहेत. बिहारी मजूर स्वस्त असतो ही समजूतही अर्धीच खरी आहे. त्याला परत जाण्याची सोय नसते, रेशनकार्डावरचे धान्य येथे मिळविताना अडचण येते, रात्री-अपरात्री हाक मारली तर तो नाही म्हणू शकत नाही. मालकाला हवी असते ती त्याची ही अडचण. कमी मजुरी हा त्या अडचणीचाच एक भाग.

साथींनो, संघटित कामगार आपोआप शहाणा असतो असा भ्रमही सोडून द्यावा लागेल. या बाबतीत इंग्लंडचा अनुभव अभ्यासण्यासारखा आहे. २० एप्रिल १९६८ रोजी हुजूर पक्षाचे इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅम येथे वसाहतींतून येणाऱ्या काळ्या आणि आशियाई लोकांविरुद्ध भाषण केले. पक्षनेत्यांनी त्यांना छाया मंत्रिमंडळातून काढले. पण दोन-तीन दिवसांत लंडनच्या गोदीतील कामगार त्यांच्या समर्थनार्थ पार्लमेंटवर मोर्चा घेऊन गेले. ज्या गोदी कामगारांच्या संपांचे दाखले जगभरच्या कामगार चळवळी देत, तेच! वंशसंबंधांविषयीचे कायदे त्या देशाने १९६५, १९६८ आणि १९७६ मध्ये केले; कायद्याने उघड भेदभावाला आळा बसला, मत बदलले नाही.

मत बदलताना दिसले ते दुसरीकडे. ऑगस्ट १९७६ मध्ये वायव्य लंडनमधील ग्रनविक या फोटोप्रक्रिया कारखान्यात जयाबेन देसाई या गुजराती कामगार स्त्रीच्या पुढाकाराने संप सुरू झाला. संपकरी प्रामुख्याने आशियाई स्त्रिया होत्या, त्यांतील पुष्कळशा पूर्व आफ्रिकेतून आलेल्या. टपाल कामगारांनी कारखान्याची पत्रे हाताळण्याचे नाकारले. १९७७ च्या उन्हाळ्यात यॉर्कशायरचे खाणकामगार साडी नेसलेल्या या बायकांच्या शेजारी कारखान्याच्या फाटकावर उभे राहिले. संप जुलै १९७८ मध्ये हरला, कामगार संघांच्या वरिष्ठ नेतृत्वाने शेवटी हात आखडता घेतला, हेही सांगितले पाहिजे. तरीही दहा वर्षांत गोदीच्या मोर्चापासून ग्रनविकच्या फाटकापर्यंत जे अंतर कापले गेले ते कोणत्याही व्याख्यानमालेने कापले नव्हते.

महाराष्ट्रात ही वाट उलट्या दिशेने चालली. १९६६ पासून मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध, आणि २००८ मध्ये उत्तर भारतीयांविरुद्ध, मराठी तरुणांचा रोष वळविण्यात आला. २००८ च्या फेब्रुवारीत नाशिकहून हजारो मजूर पळाले आणि कारखान्यांची कामे अडली. त्या जागांवर मराठी तरुण गेले असे कोठे दिसले नाही. याच साठ वर्षांत गिरणगाव संपला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते, आणि त्यांत सातारा-सांगलीचे असंख्य होते. त्यांच्या नोकऱ्या तमिळ टंकलेखकाने किंवा बिहारी टॅक्सीवाल्याने घेतल्या नाहीत. गिरण्यांच्या जमिनी कोणाच्या घशात गेल्या हे सर्वांना माहीत आहे, आणि ते लोक परप्रांतीय आहेत की भूमिपुत्र, हे कोणी विचारले नाही.

तिसरा प्रवाह स्थलांतराचा नसून खुद्द सीमारेषेचाच आहे. जत तालुक्याच्या पूर्वेकडील गावांत कन्नड ही घरची भाषा आहे. २०१२ च्या दुष्काळात तेथील गावांनी ठराव केले: पाणी द्या, नाहीतर कर्नाटकात जाऊ द्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्या जुन्या ठरावांचा आधार घेऊन जतवर दावा सांगितला, आणि दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना दहा वर्षांपूर्वीच्या ठरावाची अचानक आठवण झाली. डिसेंबरात बेळगावजवळ महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगड पडले. इकडे कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. जतच्या शेतकऱ्याला या दोन्हींचा उपयोग नव्हता. कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी उताराने आपल्या तलावात येऊ शकते, हे त्याला दिसत होते. म्हैसाळचे पाणी अजून पोचायचे होते. गडबड झाल्यावर विस्तारित म्हैसाळ योजनेची फाइल घाईने हलली. म्हणजे जतच्या माणसाने ज्याला भाषेचा प्रश्न म्हटलेच नव्हते, त्याला उत्तर मिळण्यासाठी तो भाषेचा प्रश्न व्हावा लागला!

बेळगाव, निपाणी, कारवार येथील मराठी माणसांवरील अन्यायाचा प्रश्न खरा आहे. महाजन आयोगाने १९६७ मध्ये बेळगाव कर्नाटकातच ठेवण्याची शिफारस केली, २६४ गावे महाराष्ट्राला आणि जत तालुक्यातील गावांसह २४७ गावे कर्नाटकाला देण्याचे सुचविले; महाराष्ट्राने अहवाल फेटाळला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. बेळगावच्या मराठी मुलाला मराठीतून शाळा आणि कागदपत्रे मिळाली पाहिजेत, असे जो म्हणतो त्याने जतच्या कन्नड मुलासाठीही तेच म्हटले पाहिजे. एरवी ही सरमिसळ इतकी जुनी आहे की तिची लाज वाटण्याचे कारण नाही. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला असे अभिमानाने सांगितले जाते. त्याची प्रेरणा सांगलीत खेळ करून गेलेल्या कर्नाटकातील भागवत मंडळींची होती. मिरजेच्या दवाखान्यांत आजही निम्मे बोलणे कन्नडमध्ये चालते.

येथवरची चर्चा बाहेरून येणाऱ्यांची झाली. परंतु जो कधीही कोठून आला नाही त्यालाही हे जनमत सोडत नाही. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली याच मुलखात प्रतिसरकार उभे होते. न्यायमंडळे चालत, गावगुंडांना शासन होई. तो मुलूख अवघ्या दोन वर्षांनी, गांधीजींच्या हत्येनंतर, ब्राह्मणांच्या घरांना आगी लावताना दिसला. ज्यांचा खुनाशी काडीचा संबंध नव्हता अशी कुटुंबे गाव सोडून पुण्या-मुंबईला गेली. एका जमातीला एका दिवसात परके ठरवून गावाबाहेर घालविण्याची ती घटना. त्या वेळी आपल्या विचारांच्या कार्यकर्त्यांनी काही ठिकाणी तरी अधिक ठामपणे आडवे व्हावयास हवे होते, असे म्हटल्याखेरीज गत्यंतर नाही. आणि १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातील पुसेसावळी येथे, समाजमाध्यमावरील एका मजकुराचे निमित्त होऊन जमावाने मुसलमानांच्या घरांवर, दुकानांवर आणि प्रार्थनास्थळावर हल्ला केला. एका तरुणाचा जीव गेला. ते लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावाचे होते. सीमेवर पहारा बसवून असल्या परकेपणाचा बंदोबस्त होत नाही.

कायद्याने काय केले, हा प्रश्न उरतो. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ मध्ये झाला. पाच किंवा अधिक परराज्यातील मजूर कंत्राटदारामार्फत आणले तर कंत्राटदाराला परवाना, मजुराला स्थानिकाइतकेच वेतन, विस्थापन भत्ता, निवारा, औषधोपचार, अशा त्यातील तरतुदी. कागदावर उत्तम. अमलाविषयी बोलण्यासारखे थोडेच होते. २०२० मध्ये किती मजूर कोठे आहेत याची यादी सरकारजवळ नव्हती तेव्हा ते उघड झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि हा कायदा त्यांपैकी एकीत विरून गेला. स्वतःहून आलेल्या मजुरालाही नव्या व्याख्येत जागा मिळाली, ही सुधारणा मान्य केली पाहिजे. पण पाचाची मर्यादा दहावर गेली आणि विस्थापन भत्ता वगळला गेला. आणि एक जुनी खोट तशीच राहिली. विजयपूरहून मिरजेच्या फडात आलेला मजूर या कायद्याच्या भाषेत स्थलांतरित आहे. बीडहून त्याच फडात आलेला नाही. त्याने राज्याची सीमा ओलांडलेली नाही. दोघांचे कोयते सारखे, खोपी सारख्या, मुकादमही कधी कधी एकच.

याउलट, या जिल्ह्यांतून गेलेल्या माणसांनीच मिळविलेला एक कायदा आहे. पाटण तालुक्याचे अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईच्या बाजारांतील माथाडींना संघटित केले. डोक्यावर आणि पाठीवर ओझे वाहणारी ही माणसे बहुतांशी सातारा जिल्ह्यातील. मुकादम आणि टोळीवाले त्यांच्या मजुरीतून हिस्सा काढत. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे स्थापन झाली. मालकाची नोंदणी, कामगाराची नोंदणी. मजुरी मंडळात जमा व्हावयाची, तिच्यावर मालकाने लेव्ही भरावयाची, आणि तीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार. मालक रोज बदलला तरी कामगाराचा हक्क बदलत नाही, ही त्यातील मोठी गोष्ट. ओझे उचलणारा कोठून आला हे कायदा विचारत नाही. व्यवहारात टोळ्यांत गाववाल्यांचाच भरणा राहिला आणि नवख्या माणसाला बिल्ला मिळणे कठीण झाले, हा दोष आहे. आणि तो दोष आपल्याच जिल्ह्यांच्या माणसांचा आहे. तरीही ज्या साताऱ्याच्या हमालाला मुंबईने ‘घाटी’ म्हणून हिणवले, त्याची पत मंडळाच्या नोंदवहीने वाढविली. हिणवणाऱ्यांचे मतपरिवर्तन होण्याची वाट त्याने पाहिली नाही.

ऊसतोडणी, वीटभट्टी आणि द्राक्षबागांतील उक्ती कामे यांना हीच पद्धत लागू करण्याची मागणी या दोन जिल्ह्यांतून उठली पाहिजे. कारखाना मुख्य मालक म्हणून नोंदला जावा, उचल मंडळामार्फत दिली जावी, टोळीचा करार मंडळाकडे असावा. वाहतूकदाराची बुडणारी उचल आणि मजुराची बुडणारी मजुरी हे दोन्ही प्रश्न त्याच एका नोंदवहीत सुटतात, हे वाहतूकदारांच्या मेळाव्यात जाऊन सांगितले तर तेथे टाळ्या नाही मिळाल्या तरी कान मिळतील. बागेतल्या कामाचा एकरी दर गावच्या शेतमजूर बायका आणि बाहेरची टोळी यांनी एकत्र बसून ठरविला तर घसरत्या रोजाचे भांडण बागाईतदाराशी होईल. हे कठीण आहे. टोळीला मराठी येत नाही, आणि आपल्या पुष्कळ कार्यकर्त्यांना तिची हिंदी चार वाक्यांपुढे येत नाही. विट्याच्या गलाईवाल्यांच्या घरांतून मात्र तमिळ, बंगाली, हिंदी अस्खलित बोलणारी माणसे आहेत, आणि बाहेरचा म्हणून ठाण्यात बसण्याचा अनुभवही काहींच्या गाठीशी आहे. पहिली बैठक त्यांच्या ओसरीवर घ्यावी.

गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या गावात उतरणाऱ्या टोळ्यांची यादी करावी: गाव, मुकादम, उचलीची रक्कम, बरोबरची मुले, गरोदर स्त्रिया. पाण्याचा नळ कोणत्या आळीतून मिळणार हे ग्रामसभेत लिहून घ्यावे, आणि मुलांची नावे जवळच्या जिल्हा परिषद शाळेत त्याच आठवड्यात घालावीत. यादीची एक प्रत तलाठ्याकडे, एक कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याकडे द्यावी आणि पोच घ्यावी.